बादली चारचौघांत

मराठी घरात अन्न कधीच टाकून दिलं जात नाही. ते आधी डब्यात काढलं जातं. डबा फ्रीजमध्ये जातो, नव्या डब्यांच्या रेट्याने मागे मागे सरकतो, आणि शनिवारी कुणीतरी झाकण उघडून, नाक मुरडून, "अरेरे, किती छान झाली होती ती भाजी," असं हळहळून मग तो रिकामा करतं. चांगलं अन्न फेकणं हे पाप आणि खराब झालेलं फेकणं हा नाइलाज. पापाचा नाइलाज व्हायला साधारण चार दिवस लागतात, आणि तेवढे दिवस सांभाळायचं काम फ्रीज करतो. म्हणूनच आपण दर वेळी आधीच्यापेक्षा मोठा फ्रीज घेतो.

पूर्वीची गोष्ट वेगळी होती. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडणं भाजीला सोपं नव्हतं. दोडका आला की गराची भाजी आणि शिरांची चटणी. दुध्याची सालं तीळ घालून कुरकुरीत परतली जात. कलिंगडाचा लाल भाग पाहुण्यांना आणि पांढरा थालीपिठाला. भात उरला तर सकाळी फोडणीचा भात, पोळ्या उरल्या तर कुस्करा, आणि पोरांनी कुस्कऱ्याला नाक मुरडलं तर त्याच पोळ्यांचे गूळ-तूप घालून लाडू. उरलेल्या वरणात कणीक पडायची. यातूनही जे निसटायचं ते "एवढंसंच आहे, संपवून टाका" म्हणून आजोबांच्या ताटात जायचं. ओल्या कचऱ्यावरची पहिली प्रक्रिया या राज्यात पुरुषांच्या पोटात झाली, अशी माझी ठाम समजूत आहे. त्यांच्याही पलीकडे दारात गाय, गल्लीत कुत्रं आणि परसात उकिरडा. उकिरड्याला कोनशिला नव्हती, उद्घाटन नव्हतं, ठेकेदार नव्हता. त्यामुळे तो चालायचा.

मग आम्ही सगळे चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. गाय लिफ्टने वर येत नाही. परसाचं पार्किंग झालं. आजोबांच्या पिढीनंतर घरातल्या पुरुषांना कोलेस्टेरॉल झालं आणि त्यांनीही राजीनामा दिला. उरलं काय, तर काळी प्लास्टिकची पिशवी. तिच्यात भाताच्या शितापासून संपलेल्या सेलपर्यंत सगळं कोंबायचं, गाठ मारायची आणि घंटागाडीची वाट पाहायची.

अशा सुखात दिवस चालले असताना आमच्या नगरपालिकेने एक प्रस्ताव मांडला. (गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर तीन सोसायट्या "हे आमच्यावरच लिहिलंय" म्हणून भांडायला येतील.) प्रस्ताव साधा होता. स्वयंपाकघरातला ओला कचरा रोज, दारावरून, वेगळा उचलायचा, वेगळ्या गाडीतून न्यायचा, त्याचं खत किंवा गॅस करायचा आणि त्यापोटी घरटी थोडं शुल्क घ्यायचं. त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या होत्या.

वास्तविक यात विचारण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं. कचरा वेगवेगळा करण्याची भाषा केंद्राच्या २००० सालच्या नियमांतच आलेली होती, आणि २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी वाटणी घराघरात करायला स्पष्ट शब्दांत सांगितलं. कायद्याने उत्तर देऊन ठेवलेला प्रश्न नगरपालिका आम्हाला नव्याने विचारत होती. पण विचारलं की माणसाला बरं वाटतं. शिवाय छापील कागदावर 'हरकती' हा शब्द आधी आणि 'सूचना' नंतर असतो, त्यामुळे वेळेअभावी सूचनांपर्यंत कुणी पोहोचत नाही.

आमच्या सोसायटीने यासाठी गच्चीवर खास सभा बोलावली. एरवी कोरम भरावा म्हणून सेक्रेटरींना बटाटेवड्यांचं आमिष दाखवावं लागतं, पण कचऱ्यासाठी पन्नासच्या वर माणसं आली. वडे होतेच.

पहिली हरकत वासाची. "ओला कचरा वेगळा ठेवला तर वास येईल हो," असं दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. जणू तीच माशाची डोकी काळ्या पिशवीत जुन्या बिलांच्या सोबतीला ठेवली की गुलाबाचा दरवळ सुटतो. दुसरी हरकत जागेची. ओट्याखाली एक बादली आहे, दुसरी कुठे ठेवणार? हे सांगणाऱ्या गृहस्थांच्या ओट्याखाली रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यांची चळत आहे, हे त्यांच्याकडे चहा प्यायलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिसरी हरकत अर्थातच पैशांची. "आम्ही टॅक्स भरतो ना!" हे वाक्य ज्यांनी उच्चारलं त्यांच्याकडे कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत घरपोच येते आणि येण्याचे वेगळे पैसे घेते. कोथिंबीर घरात येण्याचं मोल आपण हसत देतो, तिच्या काड्या घराबाहेर नेण्याचं मोल मागितलं की आपल्यातला नागरिक जागा होतो.

मग शेवटच्या खुर्चीवरून ते वाक्य आलं. ते येणारच होतं. "अहो, आपण कितीही वेगळा करा, शेवटी गाडीत सगळं एकत्रच करतात!"

कचऱ्याच्या कुठल्याही चर्चेत हे वाक्य आलं की चर्चा संपते आणि वड्यांकडे लक्ष जातं. वाईट म्हणजे ते पुष्कळ ठिकाणी खरंही असतं. एकाच हौद्याची गाडी पाठवून "ओला-सुका वेगळा द्या" असा भोंगा वाजवणाऱ्या नगरपालिका मी पाहिल्या आहेत. पण या वाक्याचा आपण उपयोग कशासाठी करतो तेही पाहायला हवं. गाडी एकत्र करते म्हणून आपण वेगळा करत नाही, आणि आपण वेगळा करत नाही म्हणून गाडीवाला दोन कप्प्यांत काय टाकू असं विचारतो. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत सुखाने नांदतात. मधल्या मधे कचरा एकत्रच राहतो, आणि एकत्र राहून काय करतो ते मुंबईकरांनी डोळ्यांनी, म्हणजे चुरचुरत्या डोळ्यांनी, पाहिलेलं आहे.

देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेतंय. जानेवारी २०१६ च्या शेवटी ते पेटलं आणि शहराच्या पूर्व भागात असा धूर पसरला की आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आता भेंडीची देठं आणि कालची आमटी काही आगलावी दिसत नाहीत. पण आपल्या शहरी कचऱ्यात साधारण निम्मा, पुष्कळदा निम्म्याहून जास्त वाटा ओल्याचा असतो. तो प्लास्टिकच्या पिशव्यांसकट एकावर एक रचला की आत हवा पोहोचत नाही. हवेशिवाय कुजणारं अन्न मिथेन सोडतं. मिथेन पेटतो, आणि नाही पेटला तरी हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पुढे असतो. खालून जो काळा रस झिरपतो तो जमिनीत मुरून विहिरीला जाऊन मिळतो. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं हे सोसलं, आणि त्यांनी पुण्याच्या कचरागाड्या अडवल्या की शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचायचे. शहराला तेवढ्यापुरता साक्षात्कार व्हायचा की आपण टाकतो ते कुठेतरी जातं. गाड्या सुटल्या की साक्षात्कारही सुटायचा.

हे मी सभेत सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. "बरोबर आहे," काकू म्हणाल्या, "पण वासाचं काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हरकत वासाची नाहीच. वासाची असती तर कुणीतरी "घट्ट झाकणाची बादली घेऊ" म्हटलं असतं आणि विषय मिटला असता. खरी अडचण सभेत कुणी बोलणार नव्हतं. काळी पिशवी बंद असते. बादली उघडी असते.

ओला कचरा उचलायला येणाऱ्या मावशींनी बादली उपडी केली की आपलं घर चारचौघांत उघडं पडतं. जोतिषाला कुंडली लागते, मावशींना तीही लागत नाही. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीचा गोळा कुणाच्या बादलीत किती आहे, यावरून उपवास कोण भक्तीने करतं आणि कोण सुनेच्या धाकाने, हे त्यांना कळतं. ज्या घरात "आमच्याकडे बाहेरचं चालत नाही" असं ठणकावून सांगितलं जातं, त्या घराच्या बादलीत सोमवारी सकाळी नूडल्स लोळत असतात. आमच्या इमारतीतल्या एका शाकाहारी घरातून अंड्यांची टरफलं बाहेर पडतात. ती आधी वर्तमानपत्रात, मग पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत बांधून येतात. एवढ्या बंदोबस्तात सोनंसुद्धा हलवत नाहीत. ओला कचरा वेगळा द्यायचा म्हणजे ती टरफलं उघड्यावर आली, कारण वर्तमानपत्र आणि पिशवी सुक्यात जाणार. त्या गृहस्थांनी नगरपालिकेच्या प्रस्तावाला सगळ्यात कडाडून विरोध केला आणि कारण म्हणून व्यक्तिस्वातंत्र्य दिलं. मला त्यांचं म्हणणं आतून पटलं. श्रावणात हाडांचंही तेच.

पण सगळ्यात मोठी अब्रूची लढाई मे महिन्यात होते. आमच्याकडे प्रत्येक घरात देवगडच्या हापूसची पेटी येते, म्हणजे तसं जिन्यात सांगितलं जातं. "यंदा महाग आहे हो, पण आपल्याला दुसरा चालतच नाही." बादलीत मात्र जी सालं आणि कोयी पडतात त्यांना कोकण ठाऊक नसतं. हापूसची साल पातळ, त्यातून गर ओरबाडून घेतला की कागदासारखी मऊ पडते. जाड, हिरवट, सुरीने जाड सोललेली साल आणि हातभर लांब कोय असलेला आंबा देवगडहून येत नाही. तळमजल्यावरच्या आजींना नुसत्या कोयीवरून आंब्याचा प्रांत सांगता येतो. बादल्या एका ओळीत ठेवल्या गेल्या तर आजी सकाळी फेरी मारणार, यात आम्हा कुणालाच शंका नव्हती. जागेची अडचण सांगणारे गृहस्थ त्यांच्याकडे अधूनमधून पाहत होते.

तरीही, समजा, अब्रू बाजूला ठेवली. मग प्रश्न येतो काय ओलं आणि काय सुकं. पाण्यात भिजलेलं ते ओलं आणि उन्हात वाळलेलं ते सुकं असं समजून आमच्याकडे एका जावईबापूंनी भिजलेला दुधाचा पुडा ओल्यात आणि खडखडीत वाळलेली भाकरी सुक्यात टाकली होती. कुजतं ते ओलं, हे त्यांना सासूबाईंनी समजावलं. त्यावर ते म्हणाले, "कुजतं तर सगळंच." आमच्या बाजूला तत्त्वज्ञान फार.

नारळाची करवंटी कुजेल, पण तुमच्या हयातीत कुजेलच असं सांगता येत नाही. आंब्याच्या कोयीचंही तसंच. चहाचा चोथा बिनतक्रार ओल्यात जातो, पण टी-बॅग आली की तिला दोरा, दोऱ्याला कागद, कागदाला पिन. एक माणूस चहा पिणार आणि चार खात्यांचा कर्मचारीवर्ग लागणार. आणि निर्माल्य? देवाच्या डोक्यावरचं फूल कांद्याच्या सालीशेजारी टाकायला कुठलीही आजी तयार होत नाही. खत दोन्हींचं सारखंच होतं हे तिला मान्य असतं, पण जाताना एका गाडीतून जायचं नाही. यावर बऱ्याच गावांनी निर्माल्यासाठी वेगळे कलश ठेवले, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. माणसाशी भांडून कचरा वेगळा होत नाही. त्याच्या सोवळ्याओवळ्याचा उपयोग करून घेतला तर होतो. खरकट्याला हात न लावण्याची शिकवण पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या समाजाला खरकटं वेगळं ठेवा म्हणून जाहिराती कराव्या लागतात, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

सभेत एवढ्यावर आल्यावर वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर उभे राहिले. प्रत्येक सोसायटीत एक असे असतात. त्यांनी फायलीतून आराखडा काढला. "नगरपालिका हवी कशाला? आपला कचरा आपणच जिरवू."

कल्पना उदात्त आहे आणि नवीन अजिबात नाही. मुंबई महापालिकेने तर वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना २०१७ मध्ये २ ऑक्टोबरचा मुहूर्त देऊन हेच सांगितलं होतं, की ओल्याचं काय ते आपल्या आवारात बघा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी आपल्या प्रयोग परिवारातून गच्चीवरच्या पालापाचोळ्यातून आणि स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यातून बागा फुलवून दाखवल्या, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. शास्त्र अवघड नाही. ओल्यात नायट्रोजन, वाळक्या पानांत कार्बन, दोन्हींचा मेळ बसला, वरखाली करून हवा दिली, की दीड-दोन महिन्यांत मातीचा वास येणारं काळंभोर खत तयार. वास सुटला तर ओलं जास्त झालं किंवा हवा कमी पडली असं समजायचं, थोडा पाचोळा नाहीतर नारळाचा भुसा टाकायचा आणि ढवळायचं.

"ढवळायचं कुणी?" काकूंनी विचारलं.

उभ्या चर्चेत हा एकच प्रश्न खरा होता. इंजिनिअरसाहेबांनी आराखड्यात खाली पाहिलं. आराखड्यात खड्डे होते, उतार होता, झाकणं होती, बाण होते. बाणाच्या टोकाला माणूस नव्हता. "वॉचमन करेल," कुणीतरी म्हणालं. वॉचमन गच्चीच्या दारात वडा खात उभा होता. त्याने वडा खाली ठेवला.

शेजारच्या सोसायटीने हा प्रयोग केलेला आहे, तेव्हा मी ऐकीव सांगत नाही. पहिला महिना सगळ्यांनी फोटो काढले. दुसऱ्या महिन्यात अळ्या दिसल्या. त्या अळ्या निरुपद्रवी असतात, कचरा भराभर खातात आणि जगभर त्यांना मुद्दाम पाळतात, असं त्यांच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं. पण अळीचं मोठेपण पटवून घ्यायला माणूस तिच्यापासून फार लांब राहावा लागतो. तळमजल्यावरचे लोक लांब नव्हते. तिसऱ्या महिन्यात खड्ड्यावर पत्रा पडला, पत्र्यावर दुचाकी आली, आणि आता तिथे कुणाची दुचाकी लागणार यावर स्वतंत्र वाद चालू आहे. ज्या सोसायट्यांत हे छान चालतं, आणि अशा सोसायट्या पुष्कळ आहेत, तिथे एकतर वेडाने झपाटलेल्या दोन-तीन बायका असतात किंवा पगार देऊन ठेवलेला माणूस. तेव्हा आपला कचरा आपण जिरवावा हे खरं. पण सगळ्या गावाचा कचरा वेड्या बायकांच्या भरवशावर सोडायचा नसतो. त्यासाठीच आपण नगरपालिका नावाची संस्था काढली आहे. ती पाणी आणून देते, मग सांडपाणी नेते. अन्न आणून द्यायचं काम आपण तिच्यावर टाकलेलं नाही, एवढ्यावरून उरलेलं अन्न न्यायचं काम तिचं नाही असं ठरत नाही.

आणि नेलेल्या कचऱ्याचं करायचं काय, हेही आपल्याच माणसांनी सोडवून ठेवलंय. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांनी खरकट्यापासून गॅस करणारा 'निसर्गऋण' प्रकल्प उभा केला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने शेणाऐवजी शिळ्या अन्नावर चालणारं घरगुती गॅससंयंत्र बनवलं, आणि त्याला २००६ मध्ये लंडनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. अशा प्रकल्पांची एकच मागणी असते: द्याल ते निव्वळ ओलंच द्या. कारण आत टाकण्याआधी सगळ्याचा लगदा करतात, आणि लगदा करणाऱ्या यंत्रात पिशवी अडकते, काच अडकते, चमचा अडकतो. हो, चमचा. दर मराठी घरात डझनाने घेतलेले स्टीलचे चमचे वर्षभरात सात-आठ का उरतात, कामवालीवर उगाच संशय का घेतला जातो, याचा उलगडा अशा यंत्राच्या दारात व्हावा. खरकटं ताट पिशवीत आपटताना चमचा कधी गेला ते कळत नाही. बादली वेगळी असली तर खाली ठणकन वाजतं. प्रस्तावाच्या बाजूने सभेत एवढा एक मुद्दा मांडला असता तरी बायकांची मतं एकगठ्ठा पडली असती.

पुण्याने यात एक गोष्ट फार आधी ओळखली होती. कचरा वेचणाऱ्या बायकांना एकत्र करून बाबा आढावांसारख्या मंडळींनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. तिच्या सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात. सुका कचरा निवडून विकायचा, त्यातून चार पैसे मिळवायचे. ओल्याला मात्र भाव नाही. आता आपण रद्दीवर कालची आमटी ओतली की काय होतं? आमटी वाया गेलेलीच होती, रद्दीही गेली. ओलसर, डागाळलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही, किंवा पडेल भाव देतो. म्हणजे आपण गाठ मारून जी पिशवी दारात ठेवतो तिच्यात कुणाच्या तरी दिवसाच्या कमाईतले काही रुपये रोज भिजवून ठेवतो. शिवाय डायपर आणि सॅनिटरी पॅड हातांनी निवडावे लागू नयेत, ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, अशी विनंती याच बायकांच्या बाजूने पुण्यात झाली होती. एक ठिपका. पेनाने. त्यावरही लोकांच्या हरकती होत्या.

मोठ्या शहरांचं सोडा, वेंगुर्ल्यासारख्या बारा-तेरा हजार वस्तीच्या गावाने कचरा इतक्या बारकाईने वेगळा करून दाखवला की जुन्या डम्पिंगच्या जागी आज लोक फिरायला, बघायला जातात. तिथल्या ओल्या कचऱ्याचा गॅस होतो. हे मी सभेत सांगितल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "तिथे समुद्र आहे हो." समुद्राचा संबंध काय ते मला अजून कळलेलं नाही, पण सभेला कळलं.

एवढ्यात कुणीतरी परदेशाचं नाव काढलं. आपल्याकडे वाद अडला की परदेशात काय करतात ते विचारतात. माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिथे घराघरातून दर आठवड्याला खरकटं वेगळं नेण्याची सक्ती जवळपास सगळ्या कौन्सिलांवर ३१ मार्च २०२६ पासून आली. काही ठिकाणी ते आधीपासून चालू होतं, वेल्समध्ये तर कितीतरी आधीपासून. त्याच्या ओट्यावर आता एक छोटी झाकणाची डबी आहे आणि अंगणात कुलुपी झाकणाची मोठी. कुलूप माणसांसाठी नाही, कोल्ह्यांसाठी. फोनवर तो मला तिथले वाद ऐकवत होता: वास येईल, माश्या येतील, ओट्यावर जागा नाही, आम्ही कौन्सिल टॅक्स भरतो, आणि शेवटी गाडीत सगळं एकत्रच करतात. दीडशे वर्षं राज्य करून इंग्रज आपल्याला काय देऊन गेले यावर बरंच लिहिलं गेलंय. आपण त्यांना काय दिलं ते मला त्या दिवशी कळलं. भाच्याची स्वतःची अडचण निराळी होती. डबीत घालायची कुजणारी पिशवी हळदीने पिवळीधम्मक होते आणि रस्त्यावरच्या ओळीत त्याची डबी लांबून ओळखू येते. म्हणजे अब्रूचा प्रश्न तिथेही आलाच.

सभेने अखेर ठराव केला. नगरपालिकेने ओला कचरा जरूर वेगळा उचलावा, रोज उचलावा, दोन कप्प्यांची गाडी पाठवावी. मात्र बादल्या जिन्यात ओळीने न ठेवता प्रत्येकाने आपापल्या दारामागे ठेवाव्यात आणि मावशींनी त्या "शक्यतो न पाहता" उपड्या कराव्यात. हा 'शक्यतो' अंड्याच्या गृहस्थांनी घालून घेतला. इंजिनिअरसाहेबांची नोंद "प्रायोगिक तत्त्वावर विचाराधीन" अशी झाली. वॉचमनने वडा पुन्हा उचलला.

आजींनी मात्र जाता जाता नवीनच पिल्लू सोडलं. त्यांच्या नातवाने त्यांना सांगितलं होतं की दक्षिण कोरियात खरकटं वजनावर घेतात. पेटीसमोर आपलं कार्ड धरायचं, झाकण उघडतं, टाकलेल्याचं वजन होतं आणि महिन्याच्या शेवटी बिल येतं. (हे खरं आहे. तिथे खरकटं थेट डम्पिंगला टाकायलाच २००५ पासून बंदी आहे.) आपल्याकडे असं झालं तर, आजी म्हणाल्या, बरं होईल, लोक मोजून शिजवतील.

मला नाही तसं वाटत. आपल्याकडे ज्या दिवशी खरकट्यावर किलोमागे पैसे लागतील, त्या दिवशी संध्याकाळपासून गेली कित्येक वर्षं बंद पडलेला शेजारधर्म जोरात सुरू होईल. बेल वाजेल. दारात शेजारीण उभी असेल, हातात झाकलेली वाटी. "अहो, आज उसळ केली होती, म्हटलं तुम्हाला द्यावी." उसळ आजची की गुरुवारची हे विचारणं आपल्यात बसत नाही. आपण हसून घेणार. आणि शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही हे आईने लहानपणीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे, फ्रीज उघडून, अगदी मागचा डबा काढून, आपणही तिच्यात काहीतरी घालून देणार.